मनःशांतीचे फर्मान

ऐन परीक्षेच्या मोसमात, आयत्या वेळी बदललेल्या वेळापत्रकाच्या शेजारीच, विद्यार्थ्यांनी चित्त प्रसन्न ठेवून पुरेशी निद्रा घ्यावी असे दस्तुरखुद्द प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे फर्मान सूचनाफलकावर झळकते, तेव्हा अंतःकरण सद्गदित होते. मात्र प्रवेशपत्रावरील आडनावाचा गळालेला काना पदरात पाडून घेण्यासाठी उमेदवार दफ्तराच्या खिडकीशी तिष्ठत असल्यामुळे, प्रसन्न होण्यास त्याला सवड नसते. मुंबई विद्यापीठाने तर १८७८ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई मनोऱ्याच्या रूपाने थेट ग्रंथालयाच्या माथ्यावर घड्याळ चढवून, वाचकाच्या काळजाची धडधड वक्तशीर राखण्याची तजवीज केव्हाच केली आहे. अलीकडे समुपदेशकही नेमतात म्हणे. भेटीची वेळ अकरा ते दोन, म्हणजे नेमकी पेपराची.