बहुमताचं टर्बाइन

जीईच्या जुन्या तिहेरी मार्क-५ टर्बाइन नियंत्रण पॅनेलमध्ये आर, एस आणि टी असे तीन प्रोसेसर असतात. टर्बाइन चालवायचं की थांबवायचं, हे बहुमताने ठरतं. तिघांपैकी दोघे म्हणतील ते खरं. पण बाहेरच्या संगणकाशी बोलणारं कार्ड मेलं, की बदली कार्ड निवडताना मतदानाचा हक्क एकट्या खरेदी विभागाला. तीन कोटेशन येतात, सर्वांत स्वस्त जिंकतं. कार्डाच्या क्रमांकातली शेवटची अक्षरं आवृत्ती दाखवतात, हे सांगायला गेलेल्या अभियंत्याला उत्तर मिळतं, ‘एका अक्षरासाठी एवढे जास्तीचे पैसे?’ विक्रेता ‘रिफर्बिश्ड’ असल्याची शपथ घेतो, मात्र टेस्ट रिपोर्ट मागितला की त्याचाही संपर्क तुटतो.

कार्ड बसतं, स्क्रीन मुकीच. नव्या कार्डाच्या नावाने खडे फोडून झाल्यावर कळतं, की जंपर जुन्याप्रमाणे लावलेच नाहीत, ईप्रॉम जुन्या कार्डावरच राहिले आणि ते कार्ड भंगारात गेलं. शिवाय पॅनेल आणि संगणक जोडणाऱ्या आर्कनेट नेटवर्कच्या ९३ ओहमच्या केबलमध्ये मागे कुणीतरी केबल टीव्हीचा ७५ ओहमचा तुकडा जोडून ठेवलाय!

तेव्हा मंडळी, ऑर्डरपूर्वी केबल आणि टर्मिनेटर तपासा, जुन्या कार्डाचा फोटो काढा. फोटोला कोटेशन लागत नाही.