एका रेखांशावरची दोन ओझरं

नाशिकचा विमानतळ जेथे आहे ते ओझर आणि पुण्याचा विमानतळ जेथे आहे ते लोहगाव ही दोन्ही गावे 73 अंश 55 मिनिटे पूर्व रेखांशाच्या आसपास वसलेली असल्याने त्यांच्यातील हवाई अंतर काढण्यास मोठ्या गणिताची गरज पडत नाही. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल आणि सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, एवढे ठाऊक असले की 92 मिनिटांच्या फरकातून सुमारे 170 किलोमीटर हा आकडा हाती येतो. माध्यान्हीचा सूर्य दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच क्षणी माथ्यावर येतो, म्हणजे सूर्याच्या लेखी या प्रवासाला वेळच लागत नाही. वेळ लागतो तो नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरहून पुण्याला निघालेल्या माणसाला, आणि त्याची नोंद कोणत्याही वेळापत्रकात नसते.

विमान कंपन्या प्रवासाचा काळ ‘ब्लॉक टाइम’मध्ये मोजतात, विमानाच्या चाकांना लावलेले अडसर निघाल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लागेपर्यंतचा हा काळ होय. डिसेंबर 2017 मध्ये ‘उडान’ योजनेखाली 19 आसनांच्या विमानाने ओझर-पुणे सेवा सुरू झाली (आणि पुढे बंदही पडली), तेव्हा हा काळ तासाच्या आत बसत होता. तथापि सटाणा, देवळा, भावडबारीचा घाट, सोग्रस फाटा आणि पिंपळगाव असे शंभरेक किलोमीटर कापून ओझर गाठण्यात नामपूरकराचे दोन-अडीच तास जात, तपासणीसाठी तासभर आधी हजर राहावे लागे आणि लोहगावाहून पुणे शहरात शिरण्यास जो वेळ लागे तो वाहतूक पोलिसांनाही सांगता आला नसता. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई प्रवास घडावा, हा योजनेचा उदात्त हेतू असला तरी ती चप्पल विमानात पाय ठेवण्यापूर्वीच झिजणार, याची तरतूद अनुदानाच्या सूत्रात नव्हती. अंतर धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मोजले जाते आणि धावपट्टीवर कोणी राहत नाही, एवढीच काय ती शास्त्रातील उणीव.

जमिनीवरचा पर्याय म्हणून नाशिक-पुणे वेगवान रेल्वेचा आराखडा पुढे आला, तर त्याच्या वाटेत नारायणगावाजवळची, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आली. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपणाऱ्या या यंत्रास विजेवरील गाडीचा उपद्रव होईल, अशी हरकत निघाल्याने मार्गाचा फेरविचार झाला. कोट्यवधी वर्षे वाटचाल करून आलेल्या लहरींना जो मान मिळतो, तो सिन्नरजवळ खोळंबलेल्या प्रवाशाला मिळू नये हे स्वाभाविकच आहे. त्याचा प्रवास अद्याप तेवढा लांबलेला नाही.

योगायोग असा, की जुन्नर तालुक्यातील दुसरे ओझर, म्हणजे अष्टविनायकांतील विघ्नेश्वराचे क्षेत्र, याच रेखांशाच्या अगदी लगत आहे, त्यामुळे पहिल्या ओझरहून सरळ रेषेत निघालेले विमान दुसऱ्या ओझरच्या जवळून जाते. विमानाला तेथे थांबा नाही. एसटीला मात्र नारायणगावी आहे, आणि सात-आठ तासांच्या प्रवासात नामपूरच्या माणसाला तेथे उतरून विघ्नहर्त्याकडे पुढच्या रस्त्याची चौकशी करता येते.