बारभाई

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की ऑफिसातला बारभाई जागा होतो. एरवी एक्सेलमध्ये मान घालून बसणारा हा गृहस्थ त्या दिवशी पाच वाजल्यापासून खुर्चीवर चुळबुळ करतो आणि मग शेजारच्या दोघातिघांच्या कानाशी लागतो, "आज बसायचं?" नवीन लागलेल्या पोरांना वाटतं, समोरच्या मिल कंपाउंडमधल्या एखाद्या झगमगीत पबात जायचं असेल. बारभाईला त्यांची कीव येते. "तिथे कोणी पीत नाही रे, फोटो काढतात. चल, तुला खरी मुंबई दाखवतो."

ही खरी मुंबई लालबाग-परळकडच्या एका बोळात असते. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला मयताच्या सामानाचं दुकान आणि मधे 'रेस्टॉरंट अँड परमिट रूम' ही पाटी, जिच्यातलं 'परमिट' तेवढं पेटतं. आत सनमायका उडालेली टेबलं. एका टेबलाला चार खुर्च्या, त्यांवर एकमेकांना न ओळखणारी चार माणसं खुशाल बसलेली. गल्ल्यावर उडुपीकडचे अण्णा. अण्णांच्या डोक्यावर गणपती, गणपतीला लाल बल्ब, त्याच्या खाली एक्साइजचं लायसन फ्रेम करून लावलेलं, आणि त्याच्याही खाली २५ वर्षांखालच्यांना मद्य मिळणार नाही अशी पाटी. उदबत्ती सगळ्यांना मिळून एकच.

बारभाई आत शिरताना उगाचच वाकतो. दरवाजा चांगला उंच आहे, पण वाकल्याशिवाय त्याला आपण कुठे आलोय ते पोरांना कळल्यासारखं वाटत नाही. मग वेटरच्या पाठीवर थाप. "काय शेठ! ओळखलं ना?"

"हां साब, बोलो," वेटर म्हणतो. तो हे सगळ्यांनाच म्हणतो. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही तो हेच म्हणाला होता. पण बारभाई पोरांकडे वळून म्हणतो, "घरच्यासारखं आहे आपलं इथे."

ऑर्डर ठरलेली. ओल्ड मंकची क्वार्टर, थम्सअप नको, साधं पाणी. पाणी येतं ते व्हिस्कीच्या जुन्या बाटलीतून, लेबल अर्धवट खरवडलेलं. चकण्याला उकडलेले चणे, वर कांदा आणि लिंबाची फोड, शिवाय मिठाने पाणी सुटलेल्या काकडीच्या चकत्या. हा चकणा फुकट असतो आणि त्याच्यावर बारभाईचा फार जीव. "पबमध्ये याच चण्यांना साडेतीनशे घेतात," असं तो दर खेपेला सांगतो आणि दुसरी बशी मागवतो. टेबलावरच्या रिकाम्या बाटल्या वेटर उचलत नाही, कारण शेवटी त्याच मोजून हिशोब होतो. यात काही काव्य नाही, सोय आहे. बारभाईला मात्र त्यात माणसामाणसांतला विश्वास दिसतो. मागे एकाने एक रिकामी बाटली पायाने शेजारच्या टेबलाखाली सरकवली होती. तेव्हा त्या विश्वासाचं काय झालं ते अख्ख्या बोळाने ऐकलं.

दुसऱ्या पेगला इतिहास सुरू होतो. इथवर हा माणूस खरोखर ऐकण्यासारखा असतो, ते मान्य केलं पाहिजे. दारूबंदीचा कायदा १९४९ चा, मोरारजीभाईंच्या कडक दिवसांतला. वांद्र्यापासून धोबीतलावापर्यंत आंटीचे अड्डे चालायचे ते तेव्हा. पुढे वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, पण कायदा तसाच राहिला आणि परमिट आलं. एका दिवसाचं पाच रुपयांत, वर्षाचं शंभरात, आजन्म हजारात. परमिटावरच्या मजकुराप्रमाणे माणूस दारू पितो ती आरोग्य टिकवण्यासाठी! हे सांगून बारभाई पेला उंचावतो, "चला, आरोग्य टिकवूया." पोरं हसतात. त्यांच्यातल्या कोणाकडेच परमिट नसतं. बारभाईकडेही नसतं.

बिघडतं ते तिसऱ्या पेगपासून. मग तो गिरणगावाचा होतो. तिसरी पाळी सुटल्यावर इथे कशी झुंबड उडायची, साचेखात्यातली माणसं कानात कापूस तसाच ठेवून कशी प्यायची, हे तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्या दिवशी म्हणे या बारमध्ये कोणी एक शब्द बोललं नव्हतं. बारभाईचा जन्म त्यानंतरचा, डोंबिवलीचा. वडील विम्याच्या कचेरीत, माळकरी. लालबागला मामा राहायचे, त्यांच्याकडे गणपतीत दोन दिवस, एवढंच त्याचं गिरणगाव.

एकदा त्याने पोरांना कोपऱ्यातले काका दाखवले. सत्तरीपुढचे, इस्त्रीचा शर्ट, समोर नाइन्टी आणि घडी केलेला पेपर. "हे संपातले," बारभाई कुजबुजला आणि उठून त्यांच्याजवळ गेला. "काका, पोरांना जरा संपाचं सांगा ना."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी बेस्टला होतो. वडाळा डेपो."

"पण गिरण्या तर पाहिल्यात ना?"

"पाहिल्या. त्या वेटरला सांगा, पंखा इकडे फिरव."

पोरांबरोबर एकदा अकाउंट्समधली एक मुलगी आली. खालच्या मजल्यावरचा गोंगाट क्षणभर कमी झाला, वेटरने न बोलता जिन्याकडे हात केला. वर एसी, वर फॅमिली रूम, आणि तीच क्वार्टर वर जास्त भावाने. ती म्हणाली, "इथेच बसू की." बारभाई खूश, हिला म्हणजे खरी मुंबई कळली. तासाभराने तिने टॉयलेट विचारलं. इथल्या टॉयलेटविषयी बारभाई फार प्रेमाने बोलतो: कडी नाही, म्हणून एक पाय दाराला लावायचा, डावीकडे बघायचं नाही, श्वास आतला आत. ते सगळं ऐकून घेऊन ती सरळ गल्ल्यावर गेली. अण्णांनी ड्रॉवरमधून वरच्या मजल्याची किल्ली काढून दिली. स्वच्छ, फरशीचं, साबण असलेलं टॉयलेट तिथे कित्येक वर्षं आहे. बारभाईला ते ठाऊक नव्हतं, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं.

यंदा पावसाळ्याआधी अण्णांनी बार बंद ठेवून काम काढलं. नव्या फरश्या, पांढऱ्या ट्यूब, खालीही एसी. बारभाईने दारात उभं राहून जे केलं त्याला विलाप हाच शब्द आहे. समोरच्या मिल कंपाउंडमधले पबवाले लाखो रुपये खर्चून मुद्दाम पोपडे निघालेल्या भिंती करून घेतात, आणि अण्णांनी हातातल्या, अस्सल पोपड्यांवर रंग काढला! "अण्णा, सगळी मजा घालवलीत," तो म्हणाला.

अण्णा नोटा मोजत होते. मोजणं पुरं करून म्हणाले, "साब, तुम महिने में एक बार आता है. ये लोग रोज आता है. इनको गरमी होता है." कोपऱ्यातले काका एसीच्या बरोबर खाली बसले होते आणि स्वेटर आणायला हवा होता म्हणत होते. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

आता बारभाई भायखळ्याच्या बाजूला दुसरी जागा शोधतोय. अट एकच, छत गळकं पाहिजे. त्याच्या घोडबंदर रोडच्या घरी, बाविसाव्या मजल्यावर, काचेचं कपाट आहे. त्यात सिंगल माल्ट, कट ग्लासचे पेले आणि कोस्टर. कोस्टर न घेता पेला ठेवला तर तो ओरडतो.

तुम्हालाही अशा बारमध्ये जायचं असेल तर जरूर जा, पण बारभाईला बरोबर घेऊ नका. सुटे पैसे ठेवा, वेटरला टिप द्या, कोणाला संपाविषयी विचारू नका. आणि कोपऱ्यातली एसीखालची खुर्ची सोडून बसा, तिथे सात वाजता माणूस येतो.