क्लबनिष्ठेची तालुकास्तरीय मीमांसा

फुटबॉलच्या प्रेक्षकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील प्रेक्षक देशाचा संघ मैदानात उतरतो तेव्हाच जागा होतो, तर दुसऱ्या वर्गातील प्रेक्षक नेमका त्याच रात्री लवकर झोपतो. या दुसऱ्या वर्गाला प्रस्तुत विवेचनात 'क्लबनिष्ठ' असे म्हटले आहे. ऑगस्ट ते मे या काळात ज्याला युरोपातील एका ठरावीक क्लबचा, म्हणजे पगारी खेळाडू बाळगणाऱ्या खासगी संघाचा, सामना पाहिल्याशिवाय आठवडा सरल्यासारखा वाटत नाही, परंतु राष्ट्रीय संघांच्या लढती सुरू होताच जो सुतक पाळतो, तो क्लबनिष्ठ, अशी त्याची कामचलाऊ व्याख्या करता येईल. हा जीव लिव्हरपूलला किंवा माद्रिदला आढळतो यात नवल नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जंगलात, एटापल्लीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे मैदान कबड्डीचे आणि व्हॉलीबॉलचे आहे, कायद्याची हरकत असूनही गर्दी कोंबड्यांच्या झुंजींना होते आणि फुटबॉल प्रामुख्याने मोबाइलच्या पडद्यावरच भेटतो, तेथेही त्याने मूळ धरावे, ही गोष्ट मात्र अभ्यासकांनी दुर्लक्षू नये अशी आहे.

या सुतकाचे पंचांग फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना काढते. आजवरच्या रिवाजानुसार सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्च या महिन्यांत क्लबांचे सामने थांबवून खेळाडूंना आपापल्या देशांच्या स्वाधीन केले जाते आणि या खंडाला 'इंटरनॅशनल ब्रेक' म्हणतात. 2026 पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे दोन खंड जोडून एकच लांब खंड करण्याचे फिफाने ठरवले असल्यामुळे, दोन उपवास एकत्र करून पारणे लांबवल्याची भावना या वर्गात पसरणे स्वाभाविक आहे. खेळाडू धडधाकट परत येईलच याचीही शाश्वती नसते. बार्सिलोनाचा तरुण मध्यरक्षक गावी नोव्हेंबर 2023 मध्ये स्पेनकडून जॉर्जियाविरुद्ध खेळताना गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन उरलेल्या संपूर्ण हंगामाला मुकला आणि तोही अशा सामन्यात, ज्याच्या आधीच स्पेनची युरोपीय स्पर्धेतील जागा पक्की झालेली होती. खेळाडू उसने दिल्याबद्दल 2022 च्या विश्वचषकानंतर फिफाने क्लबांना 20 कोटी 90 लाख डॉलरची भरपाई वाटली. चाहत्याला झालेल्या मनस्तापाचे मात्र या हिशेबात स्वतंत्र शीर्ष नाही.

क्लबनिष्ठाच्या बाजूने इतिहासही साक्ष देतो. शेफिल्डचा क्लब 1857 साली स्थापन झाला, तर पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना त्यानंतर पंधरा वर्षांनी, 30 नोव्हेंबर 1872 रोजी, ग्लासगो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. म्हणजे या खेळात क्लब हा थोरला आणि राष्ट्र हे धाकटे आहे. त्या सामन्यातील स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, तेव्हा राष्ट्रीय संघ नावाची वस्तू प्रथम प्रकटली तीच मुळी क्लबचा सदरा उलटा घालून, असे म्हणावे लागते. सामना 0-0 असा सुटला आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉल कंटाळवाणे असते हा क्लबनिष्ठांचा लाडका सिद्धान्त पहिल्याच दिवशी प्रमाणासह सिद्ध झाला.

क्लबनिष्ठावर देशप्रेमाच्या अभावाचा आरोप होतो आणि त्याची महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध सुनावणी जून 2018 मध्ये मुंबईत झाली. अंधेरीच्या मैदानात भारताने चायनीज तैपेई संघाला 5-0 असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि हे सारे पाहायला 2,569 प्रेक्षक हजर होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसारित करून, युरोपीय क्लबांच्या चाहत्यांना विशेषत्वाने उद्देशून, मैदानात येण्याची विनंती केली; हवे तर टीका करा, शिव्या द्या, पण या, असा तिचा आशय होता. परिणामी 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. भारत 3-0 असा जिंकला आणि तो छेत्रीचा शंभरावा सामना ठरला. या प्रसंगातून देशप्रेम जागे झाले, असा निष्कर्ष तेव्हा काढण्यात आला. अधिक काटेकोर निष्कर्ष असा की, हात जोडून विनंती केली असता भारतीय नागरिक देशासाठी एक संध्याकाळ काढू शकतो; दुसऱ्या संध्याकाळसाठी दुसरी चित्रफीत लागते.

त्यानंतरच्या काळात राष्ट्रीय संघानेही प्रेक्षकाची कसोटी पाहण्यात कसूर केलेली नाही. देशाने स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा केला त्याच ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन निलंबित केले आणि अकरा दिवसांनी निलंबन मागे घेतले. मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला 2-1 असे हरवले. जून 2024 मध्ये छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला आणि मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला पुन्हा संघात घेण्यात आले. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 अशी हार पत्करून भारत 2027 च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून बाद झाला. एटापल्लीच्या वाचकाला या घटनाक्रमात अपरिचित असे काहीच आढळणार नाही, कारण वरिष्ठ कार्यालयाकडून निलंबन, पद भरले न गेल्यामुळे सेवानिवृत्त माणसाला कंत्राटी तत्त्वावर पुन्हा बोलावणे आणि अखेरीस काम झालेच नाही असा अहवाल, हा क्रम त्याने कोणत्याही क्रीडावाहिनीशिवाय पाहिलेला असतो.

येथे क्लबनिष्ठेच्या मूळ कारणापाशी येणे प्राप्त आहे. आपले कोण आणि परके कोण याचा निवाडा दुर्गम मुलुखात माणूस जन्मदाखला पाहून करत नाही. कोण किती नेमाने येतो, यावरून करतो. आठवडी बाजार ठरल्या वारी भरतो, पाऊस असो वा ऊन, मीठ-मिरची, कपडालत्ता आणि गावोगावच्या खबरा घेऊन येतो, म्हणून तो आपला वाटतो. क्लब असाच दर आठवड्याला येतो. चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, सामना भारतीय वेळेनुसार सहसा हिवाळ्यात रात्री दीडला आणि उन्हाळ्यात साडेबाराला सुरू होतो. हंगामाचा अंतिम सामना तेंदूपत्त्याच्या दिवसांच्या सुमारास येतो, दिवसभर पत्ता तोडून दमलेला क्लबनिष्ठ त्यासाठीही जागतो आणि रेंज टिकली तर तो पाहतो.

राष्ट्राची हजेरी याहून वेगळ्या रीतीने लागते. 19 एप्रिल 2024 रोजी गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि मतदानयंत्रे हेलिकॉप्टरने उतरवण्यात आली, आणि एटापल्ली ज्यात मोडते त्या अहेरी विधानसभा क्षेत्रात सुरक्षेच्या कारणास्तव मतदानाची वेळ सकाळी 7 ते दुपारी 3 अशी ठेवण्यात आली. राष्ट्र आकाशातून उतरले, बोटाला शाई लावली आणि दिवस मावळण्यापूर्वी आवराआवरीला लागले. इंटरनॅशनल ब्रेकमध्ये राष्ट्रीय संघाचे वर्तन याहून निराळे नसते: झेंडा येतो, राष्ट्रगीत होते, नव्वद मिनिटांचे काम उरकते आणि मग काही महिने कोणाचा कोणाला पत्ता नसतो. एटापल्लीचा क्लबनिष्ठ देशाकडे पाठ फिरवतो असे म्हणणाऱ्यांनी, ही सवय त्याला कोणाकडून लागली, याचाही विचार करावा.

आक्षेपक येथे विचारतात की, ज्या क्लबला हा गृहस्थ आपला म्हणतो तो त्याचा कसा? मँचेस्टर सिटी 2008 पासून अबुधाबीच्या राजघराण्यातील गुंतवणूकदाराचा आहे, पॅरिसचा क्लब 2011 पासून कतारचा, मँचेस्टर युनायटेडचा ताबा 2005 साली एका अमेरिकी कुटुंबाने घेतला आणि न्यूकॅसलमध्ये 2021 पासून सौदी अरेबियाच्या सरकारी निधीचा पैसा आहे. खेळाडूंचे म्हणावे तर फेब्रुवारी 2005 मध्ये आर्सेनलने एका सामन्यासाठी निवडलेल्या सोळा जणांत एकही इंग्रज नव्हता. हा आक्षेप पुण्या-मुंबईत बिनतोड ठरत असेल, एटापल्लीत तो टिकत नाही. सुरजागडचा डोंगर हे माडिया समाजाच्या लेखी ठाकूरदेवाचे ठाणे आहे, तेथे दर जानेवारीला यात्रा भरते, आणि त्याच डोंगरातील लोहखनिज ट्रकांत भरून तालुक्याबाहेर जाते. वस्तू आपली, मालक दुसरा आणि नफा तिसऱ्या ठिकाणी, या त्रिसूत्रीवर ज्याचे अर्थशास्त्राचे प्राथमिक शिक्षण झाले आहे, त्याला अबुधाबीच्या मालकीचा क्लब आपला मानण्यात तार्किक अडचण येण्याचे कारण नाही. गावच्या कबड्डीतही बक्षीस मोठे असले की चढाईला बाहेरगावचा गडी आणला जातो आणि विरुद्ध संघ पंचांशी भांडतो, तेव्हा भाडोत्री खेळाडूवर जीव लावण्याची परंपराही स्थानिकच म्हणावी लागेल.

क्लबांच्या व्यवहारातील 'ट्रान्सफर विंडो' ही संज्ञा तर या भागात फारशी समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात आणि जानेवारीत ठरावीक मुदतीतच खेळाडूंची खरेदी-विक्री करता येते, असा तिचा अर्थ आहे. 2017 मध्ये नेमारला बार्सिलोनाकडून पॅरिसला नेण्यासाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले गेले. महाराष्ट्र शासनाच्या 2005 च्या कायद्यानेही सर्वसाधारण बदल्यांसाठी एप्रिल-मे हे महिने नेमले आहेत. फरक इतकाच की, युरोपात खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून पैसे मोजतात, तर गडचिरोलीत आलेल्या अधिकाऱ्याने टिकावे म्हणून एकस्तर वेतनवाढ आणि प्रोत्साहन भत्ता द्यावा लागतो आणि तरीही त्याचे सर्व कौशल्य मुदतीपूर्वी नागपूरच्या दिशेने चेंडू काढण्यात खर्च होते. क्लबांमध्ये खेळाडू उसना देण्याची जी पद्धत आहे तिला येथे प्रतिनियुक्ती म्हणतात. एकाच माणसाने एकाच वेळी दोन क्लबांकडून खेळणे फिफाला अद्याप मान्य नाही. येथे त्यास अतिरिक्त प्रभार म्हणतात.

प्रामाणिक तुलनेसाठी कोल्हापूरचा उल्लेख करणे भाग आहे, कारण महाराष्ट्रात क्लबनिष्ठेचे खरे पीठ तेच. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर झुंजतात, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन हंगाम भरवते, आणि पेठेची इभ्रत पणाला लागत असल्याने बंदोबस्ताला पोलीस लागतात. विश्वचषकात हेच लोक ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे लावतात खरे, परंतु त्यांचे रक्त खरे खवळते ते शेजारच्या पेठेवरून. कोल्हापूरच्या चाहत्याला एक सोय अशी की, पेनल्टी चुकवणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी सापडतो आणि त्याच्याकडे जाब मागता येतो. एटापल्लीच्या क्लबनिष्ठाला ही सोय नाही. त्याचा क्लब हजारो किलोमीटर दूर आहे, आणि त्याचा संताप तेथवर पोहोचत नाही. अर्थात ही उणीव त्याला जाणवत नाही, कारण ज्याच्याकडे जाब मागायचा तो नेहमी दूरच्या शहरात असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

या संतापाचा व्यय हाच शासनाने लक्षात घेण्याजोगा मुद्दा आहे. प्रीमियर लीगमध्ये 2019 पासून 'व्हार', म्हणजे पडद्यावर दृश्य पाहून मैदानातील पंचाला सल्ला देणारे सहायक पंच, आले. खेळाडूच्या बुटाचे टोक बचावपटूच्या पुढे गेले होते का, हे ते पडद्यावरील रेषांवरून मोजतात. क्लबनिष्ठ या रेषांवर रात्री वाद घालतो, सकाळी पुन्हा घालतो आणि पंचाच्या हेतूविषयी शंका व्यक्त करतो. तीन पराभव झाले की तो प्रशिक्षकाचा राजीनामा मागतो, चार झाले की मालकाने क्लब विकावा असे सुचवतो. बोटभर अंतराबद्दल इतका चोखंदळ असलेला हा नागरिक आपल्या गावाच्या रस्त्याची जाडी मोजमाप पुस्तकात किती लिहिली आहे, हे विचारत नाही. रिक्त पदावर माणूस केव्हा येणार, याबाबत त्याचा संयम अमर्याद आहे. उत्तरदायित्वाची त्याला उत्तम जाण आहे, फक्त ती पूर्णपणे निर्यात होते.

वरील विवेचनावरून काही शिफारशी निष्पन्न होतात. प्रशासनाने क्लबनिष्ठेकडे राष्ट्रविरोधी प्रवृत्ती म्हणून न पाहता शांतता व सुव्यवस्थेचे साधन म्हणून पाहावे. मध्यरात्रीच्या सामन्यांसाठी वीज आणि मोबाइलची रेंज अखंड राहील अशी व्यवस्था करावी. दिवसा ती नसली तरी चालेल. इंटरनॅशनल ब्रेकच्या पंधरवड्यांत मात्र जिल्हा यंत्रणेने विशेष सतर्क राहावे, कारण त्या दिवसांत क्लबनिष्ठाला दुसरे काम नसते, त्याची हिशेबाची सवय मोकळी असते, आणि चार सामने हरल्यावर प्रशिक्षक बदलतो तर चार पावसाळे रस्ता वाहून गेल्यावर काय बदलते, असा प्रश्न त्याला सुचण्याचा संभव याच काळात सर्वाधिक असतो. असा प्रश्न ग्रामसभेत आलाच, तर तो पुढील क्लब सामन्याच्या तारखेपर्यंत चौकशीसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा.