कुत्र्याच्या पाठीवर ओझं : विंचूर व पंचक्रोशीसाठी मार्गदर्शक सूचना

विंचूर हे ओझ्याचं गाव आहे. उन्हाळ कांदा निघाला की उपबाजाराबाहेर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते, तीनपाटीवर वाहनं एकमेकांकडे संशयानं बघत उभी राहतात, आणि या खटाटोपात हमालापासून शाळेतल्या पोरापर्यंत प्रत्येकाच्या पाठीवर काही ना काही असतं. मोकळ्या पाठीनं फिरतं ते एकटं कुत्रं. आजवर हे कोणाला खटकलं नव्हतं. पण अलीकडे सुट्टीच्या दिवशी मुंबई-नाशिककडची मंडळी वाईन पार्क बघायला येतात, पुढे अंकाई-टंकाईच्या पायथ्याला तंबू ठोकायला जातात, आणि बरोबरच्या लॅब्राडोरच्या अंगावर दोन्ही बाजूंना खिसे असलेली, चेन-बक्कलची पिशवी असते. गावात तर्क सुरू झाले. एकाचं म्हणणं, कुत्रं पोलीस खात्यातलं आहे. दुसऱ्याचं, पिशवीत वायनरीचा माल आहे, आणि कुत्रं एवढं शांत का याचं उत्तरही त्याच पिशवीत आहे. तिसऱ्यानं सरळ मालकालाच विचारलं, ‘याला रोज किती पडतो?’

सबब, प्रकरण हाताबाहेर जाण्यापूर्वी खालील मार्गदर्शन प्रसृत करण्यात येत आहे.

कायदेशीर बाजू

ओझ्याच्या जनावरांचा छळ होऊ नये म्हणून केंद्र सरकारनं १९६५ साली नियम केले. त्यात कोणत्या पाठीवर किती, हे ठरवून दिलं आहे : लहान बैल १०० किलो, खेचर २००, उंट २५०, तट्टू ७०, गाढव ५०. गाढवाचा आकडा वाचताना कांद्याची भरलेली गोणी डोळ्यांसमोर येते. नियम लिहिणारा कधीतरी लासलगावला येऊन गेला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांच्या वर नको, आणि पारा सदतीसच्या पुढे जातो तिथं दुपारी बारा ते तीन अजिबात नको, हेही त्याच नियमांत आहे. हे कलम चुकून माणसांना लागू झालं तर एप्रिल-मे महिन्यात निफाड तालुका बंद ठेवावा लागेल.

या यादीत कुत्रं नाही. उंट आहे, जो विंचुरात फक्त वरातीपुरता दिसतो, पण कुत्रं नाही. याचे दोन अर्थ निघतात. मर्यादाच नाही म्हणजे वाटेल तेवढं लादा, हा पहिला. असा अर्थ काढणारी माणसं प्रत्येक गावात असतात आणि बहुधा कुठल्यातरी पॅनलमधून निवडूनही येतात. कुत्रं हे ओझ्याचं जनावरच नाही, हा दुसरा. प्रस्तुत मार्गदर्शन दुसरा अर्थ ग्राह्य धरतं, मात्र हौसेला मोल नसल्यामुळे पुढील सूचनाही देतं.

वजन

जाणकारांत मतभेद आहेत. कोणी कुत्र्याच्या वजनाच्या दहा टक्के म्हणतं, कोणी धट्ट्याकट्ट्या, सरावलेल्या जनावराला पंचवीसपर्यंत मुभा देतं. पिशवी विकणारा अर्थातच पंचवीसच्या बाजूचा. आपण दहा टक्के धरू. दहा टक्क्यांची मर्यादा २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं शाळकरी मुलांच्या दप्तरालाही घातली आहे. मुलांच्या बाबतीत ती कितपत पाळली जाते हे सकाळी सात वाजता कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभं राहून बघावं. कुत्र्याच्या बाबतीत पाळली जाण्याची शक्यता अधिक आहे, कारण ते न झेपलं तर रस्त्यात बसतं आणि कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

आता हिशेब. गावठी कुत्रं साधारण अठरा किलोचं धरलं तर त्याच्या पाठीवर १ किलो ८०० ग्रॅम. पन्नास किलोची एक गोणी हलवायला २८ कुत्री लागतील. वीस क्विंटलच्या ट्रॉलीला सुमारे १,१११. आकडा शकुनाचा आहे, पण इतकी कुत्री लिलावाच्या आवारात शिस्तीत उभी करायची म्हणजे व्यापारी, अडते आणि हमाल या तिन्ही घटकांची संमती लागेल, आणि या तिघांचं आजवर एकाच दिवशी एकमत झाल्याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. सबब पिकअपवाल्यांनी घाबरून जाऊ नये.

घाबरू नये याला दुसरं, जास्त गंभीर कारण आहे. कांदा कुत्र्याला विषारी असतो. कच्चा, शिजलेला, भज्यातला, सुकवून भुकटी केलेला, कसाही. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास कधीकधी खाल्ल्यानंतर काही दिवसांनी दिसतो, तोवर मालक भजी विसरलेला असतो. द्राक्षांचं आणि बेदाण्याचं तेच. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोडक्या द्राक्षांनीही निकामी होतात. म्हणजे निफाड तालुका ज्या दोन पिकांवर जगतो, ती दोन्ही कुत्र्याच्या जिवावर उठणारी आहेत. पुढचं पाऊल कुठं टाकावं हे विंचुरातल्या कुत्र्यांना नीट कळतं, आणि ती पिढ्यान्पिढ्या बांधावर बसून शेताकडे नुसतं बघतात, याला आपण आळस म्हणत आलो. शहरातून आलेल्या कुत्र्याला ही समज असेलच असं नाही. छावणीत रात्री मिसळीवर चिरलेला कांदा उरला तर तो कुत्र्याच्या ताटलीत ढकलू नये, आणि बागेत ‘बघ रे, गोड आहे का’ म्हणून मणी फेकू नये. खाल्लंच तर घरगुती उपाय सुचवणाऱ्या शेजाऱ्याला बाजूला सारून जनावरांच्या डॉक्टरला फोन करावा.

पात्रता आणि बांधणी

वाढ पुरी न झालेल्या पिल्लावर काही लादू नये. मोठ्या चणीच्या जातींत हाडं पक्की व्हायला दीड वर्षही लागतं. म्हातारं कुत्रं, सांधे धरलेलं कुत्रं, लांब पाठीचं आखूड पायांचं कुत्रं, चपट्या नाकाचं पग, ही मंडळी कामातून मुक्त. पगला तर स्वतःचा श्वास वाहून नेणं हेच पुरेसं काम असतं.

पिशवी कमरेवर नाही, खांद्यांच्या मागे, फासळ्यांवर बसावी. कुत्रं आपलं निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर तोलतं, त्यामुळे मागे सरकलेली पिशवी त्याची पाठ खाली दाबते. दोन्ही खिसे सारख्या वजनाचे हवेत. चालताना पिशवी एका अंगाला कलली तर तिला सोडून पुन्हा भरा, कुत्र्याला ‘सरळ चाल’ म्हणून ओरडू नका. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी सैल. आरंभी काही दिवस रिकामीच घालून गल्लीत फिरवावं. या काळात गावातली कुत्री त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतील, ती सोसायची तयारी मालकानंही ठेवावी. तीनपाटीवरच्या कुत्र्यांना अंगरखा घातलेलं परकं जनावर म्हणजे उघड आव्हान वाटतं.

पिशवीत काय ठेवावं? त्याचं पाणी, त्याची वाटी, त्याची भाकरी, आणि त्यानं रस्त्यात केलेली घाण उचलायची पिशवी. संपलं. मालकाची पॉवर बँक, तंबूच्या खुंट्या, लोखंडी तवा आणि वाईन पार्कातून घेतलेली बाटली हे सामान मालकाचं आहे. बाजारातले सुके बोंबीलही टाळावेत. कुत्रं चालता चालता मान वळवून स्वतःची पिशवी स्वतः उघडेल आणि तो त्याचा न्याय्य हक्क असेल.

या मुद्द्यावर गावाच्या इतिहासाची साक्ष काढणं भाग आहे. विंचूर ही विठ्ठल शिवदेव विंचूरकरांची जहागीर. १७६१ साली ते पानिपतावर होते आणि तिथून जिवंत परत आले. त्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर बुणगे आणि यात्रेकरू किती होते आणि त्यांचं लटांबर सांभाळताना काय झालं, हे मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. एका रात्रीच्या तंबूसाठी तीन खुर्च्या, स्पीकर आणि बार्बेक्यूची जाळी घेऊन निघणाऱ्यांनी निदान विंचुरातून जाताना तरी थोडा विचार करावा.

मार्ग

डांबरी रस्ता उन्हात तापतो, आणि कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. बाकीची उष्णता ते धापा टाकून काढतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्यालाही चालवू नका. ही चाचणी महामार्गावर करू नये, कडेच्या रस्त्यावर करावी. थंडीत तक्रार नाही. निफाडचा पारा ज्या सकाळी बातमीत येतो त्या सकाळी कुत्रंच माणसाला ओढत नेईल.

नांदूर मधमेश्वरला कुत्रं नेऊ नये, पिशवीसह वा पिशवीशिवाय. राज्यातून रामसर यादीत गेलेली ती पहिली पाणथळ जागा आहे, आणि इतक्या लांबून उडत आलेल्या पाहुण्यांना काठावर भुंकणारं स्वागत नको असतं. उसाच्या कडेनं संध्याकाळनंतर फिरू नये. बिबट्याला कुत्रं आवडतं. पिशवीसकट आवडेल की नाही, याचा प्रयोग आपल्या कुत्र्यावर करायचं कारण नाही.

उरला अंकाईचा किल्ला. पायऱ्या आहेत, कातळात कोरलेले दरवाजे आहेत, आणि वर वारा आहे. चढताना दोन्ही बाजूंना फुगलेली पिशवी कुठंतरी अडकते. अडचणीच्या जागी पिशवी काढून मालकानं हातात घ्यावी.

परंपरा

कुत्र्यानं ओझं वाहण्याला जगात आधार आहे. उत्तर अमेरिकेच्या मैदानांत घोडे येण्याआधी तिथल्या लोकांची कुत्री दोन काठ्यांची ओढगाडी ओढत. १९२५ साली अलास्कात नोम गावावर घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध कुत्र्यांच्या घसरगाड्यांनीच पोचवलं. पण ती बर्फातली, ओढणारी कुत्री. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर आहे, आणि धर्मराजाबरोबर थेट हिमालयात गेलेलंही आहे. यांपैकी एकाच्याही पाठीवर कुणी पडशी टाकलेली नाही.

आणि सगळ्यात मोठे तज्ज्ञ तर दरवर्षी आपल्या शिवारात येतात. कांदा निघालेल्या रानात मेंढ्या बसवायला धनगरांचा वाडा उतरतो. घोड्यावर भांडी, बोचकी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, वेळप्रसंगी पोरही. कुत्रं बाजूनं मोकळं. एका तंबूवाल्या साहेबानं तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, ‘मामा, तुमचं कुत्रं काहीच उचलत नाही का?’ म्हातारा म्हणाला, ‘त्यानं वझं उचललं, तर राखणीला काय घोडं बसवू?’

समारोपाची अट

निघण्यापूर्वी मालकानं एक चाचणी द्यायची आहे. अठरा किलोचं कुत्रं, त्यावर पावणेदोन किलोंची पिशवी, असा सगळा ऐवज उचलून घराचा जिना दोनदा चढून दाखवावा. अंकाईच्या अर्ध्या पायऱ्यांवर कुत्रं बसलं की हेच करायचं आहे, आणि ते बसणार आहे. जमलं नाही तर तट्टू भाड्यानं बघावं. त्याची मर्यादा ७० किलो. वर बसायचा विचार असेल तर मालकानं आधी उपबाजारातल्या काट्यावर स्वतःला तोलून घ्यावं.