शुक्रवारपर्यंत असहमत व्हा

आमचे साडू गेली अडीच वर्षं नेतृत्वाचा विकास करताहेत. कोणाच्या, ते विचारायचं नसतं. पदवीचं पूर्ण नाव 'डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', खास विषय 'लीडरशिप डेव्हलपमेंट' आणि घरगुती नाव डीबीए. आता हिंजवडीत या तीन अक्षरांचा अर्थ मुळातच वेगळा. तिथं डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की ज्याला उठवतात तो. साडूंनी लिंक्डइनवर नावापुढं डीबीए लिहिलं आणि आठवड्याभरात त्यांना ओरॅकलच्या नोकरीसाठी तीन फोन आले. एका रिक्रूटर मुलीनं विचारलं, "सर, बॅकअप कसा घेता?" साडू म्हणाले, "मी माणसातली सुप्त क्षमता बाहेर काढतो." मुलीनं फोन ठेवला.

(दारावर 'डॉ.' लागलं की शेजारी खोकत खोकत बेल वाजवतात, हा विनोद मराठीत पन्नास वर्षं चालू आहे. तो मी करणार नाही.)

सरळ पीएच.डी. का नाही, असं मी भाबडेपणानं विचारलं होतं. साडूंनी माझ्याकडं, पीएमटीच्या पासबद्दल विचारणाऱ्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. पीएच.डी. म्हणजे आधी 'पेट' ही प्रवेश परीक्षा द्या, मग गाईड शोधा, मग त्याच्या सोयीनं दाराबाहेर उभे राहा. शिवाय यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणं किमान 3 वर्षं, कमाल 6, आणि ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं अजिबात नाही. डीबीए ही तिची व्यवहारी बहीण. पीएच.डी.वाल्यानं ज्ञानात भर घालायची, डीबीएवाल्यानं स्वतःच्या कामातला एखादा खराखुरा प्रश्न घेऊन तो संशोधनाच्या शिस्तीनं सोडवायचा, अशी वाटणी आहे. कल्पना अजिबात वाईट नाही. परदेशातली काही चांगली विद्यापीठं ती नेटानं राबवतात आणि तिथं भलेभले मॅनेजर प्रबंध लिहिताना रडकुंडीला येतात.

साडूंची ती जात नव्हे. त्यांची पदवी युरोपातल्या एका संस्थेची, मध्ये एक ऑनलाइन कंपनी, तासिका शनिवारी संध्याकाळी. फी किती, हे त्यांनी मला युरोत सांगितलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे ताईनं, आमच्या हिला तोळ्यांत सांगितलं. डिसेंबर 2023 मध्ये यूजीसीनं जाहीर नोटीस काढली, की परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या ज्या ऑनलाइन पदव्या विकतात, तो फ्रँचाइझीचा मामला आहे आणि त्या पदव्यांना आयोगाची मान्यता नाही. मी ती बातमी साडूंना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली. मेव्हण्या-साडूंमध्ये अशा बातम्या धाडणं हे पवित्र कर्तव्य असतं. साडूंचं उत्तर आलं, "यूजीसीची विचारसरणी फार ट्रान्झॅक्शनल आहे."

हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात आहे. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकन अभ्यासकानं 1978 मध्ये नेतृत्वाचे दोन भाग केले: ट्रान्झॅक्शनल म्हणजे 'तू मला हे दे, मी तुला ते देतो', आणि ट्रान्सफॉर्मेशनल म्हणजे माणसाला आतून बदलून टाकणारं. मंडईत कोथिंबीर फुकट मागणं पहिल्या प्रकारात मोडतं. साडू स्वतःला दुसऱ्या प्रकारात धरतात. रॉबर्ट ग्रीनलीफ म्हणून एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी आयुष्यभर टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर 1970 मध्ये निबंध लिहिला, की खरा नेता आधी सेवक असतो. साडूंच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण यावरच आहे. ते त्यांनी मला त्यांच्या दिवाणखान्यात वाचून दाखवलं. मध्येच घसा कोरडा पडला, तर मान न वळवता "अगं, पाणी" म्हणाले. ताईनं पाणी आणून दिलं. पुढचा परिच्छेद नम्रतेवर होता.

खरं सांगायचं तर हा विषय मला मनापासून आवडतो. नेतृत्वाच्या शैलींचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी लहान पोरांवर. कर्ट लेविन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 1939 मध्ये आपले निष्कर्ष छापले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले होते, त्यांना मुखवटे करण्यासारखी कामं दिली होती आणि कोणाला हुकूमशहा, कोणाला लोकशाहीवादी, कोणाला 'करा काय करायचं ते' म्हणणारा अशी मोठी माणसं नेमली होती. हुकूमशहाच्या गटात काम झपाट्यानं व्हायचं, पण साहेब खोलीबाहेर गेला की पोरं हात आखडायची. लोकशाहीवाला बाहेर गेला तरी काम चालू राहायचं. एवढं कळायला हिंजवडीत डीबीए लागत नाही. साहेब रजेवर असतानाच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता कुठल्याही मजल्यावर चक्कर मारली तरी पुरे. पुढं 1974 मध्ये स्टॉगडिल यानं या विषयावरचा सगळा ढीग उपसून जाडजूड ग्रंथ केला आणि कबूल केलं, की नेतृत्वाच्या व्याख्या जवळजवळ तेवढ्याच आहेत, जेवढे त्या करणारे. साडूंनी स्वतःची एक जोडून संख्या वाढवली. वाङ्मय आढावा संपवताना शिवाजी महाराजांची एक स्लाइड आणि डबेवाल्यांची एक स्लाइड टाकली. मराठी माणसाच्या मॅनेजमेंट प्रबंधाला त्या जीएसटीसारख्या लागूच असतात.

मग आली प्रश्नावली.

नेतृत्व मोजायची एक नावाजलेली 45 प्रश्नांची प्रश्नावली आहे, पण ती वापरायला परवान्याचे पैसे पडतात. साडूंनी तिच्यापासून 'प्रेरणा घेऊन' आपली 40 प्रश्नांची केली. 'माझे वरिष्ठ माझं म्हणणं ऐकून घेतात', 'माझे वरिष्ठ मला प्रेरणा देतात' अशी विधानं आणि पुढं 1 ते 5: पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत. ही शिडी रेन्सिस लिकर्टची, 1932 सालची. उत्तरं देणारे किती हवेत? 384. भारतातल्या कुठल्याही मॅनेजमेंटच्या प्रबंधाची पानं चाळा, हा आकडा कुठं ना कुठं भेटेलच. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी 1970 मध्ये एक तक्ता दिला, त्यात लोकसंख्या दहा लाख असली तरी 384 माणसं पुरतात. अट एकच, माणसं यादृच्छिक निवडायची, म्हणजे चिठ्ठ्या टाकून उचलल्यासारखी. साडूंनी उचलली, पण आपल्याच विभागातून. वर 'तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील' असं लिहिलं आणि त्याखाली ऑफिसचा ईमेल पत्ता भरणं सक्तीचं ठेवलं. महिना मार्चचा होता, अप्रेझलचा.

दोन दिवसांत 384 फॉर्म आले. एवढ्या वेगानं या विभागात आजवर फक्त दिवाळीच्या मिठाईचे डबे गेले आहेत.

साडूंनी आकडे एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. प्रश्नावली भरवशाची आहे की नाही हे बघायला क्रॉनबाखचा अल्फा काढतात. क्रॉनबाखनं तो 1951 मध्ये मांडला, 0.7 च्या वर आला की गाईड खूश. साडूंचा आलाच नाही. कमी आला असं नव्हे, निघालाच नाही. सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना 5 दिले होते. हा अल्फा माणसामाणसांच्या उत्तरांतल्या फरकावर उभा असतो; फरकच नसेल तर शून्याला शून्यानं भागायची पाळी येते, आणि ते एसपीएसएसच्या बापालाही जमत नाही. साडूंचं नेतृत्व इतकं परिपूर्ण होतं, की गणिताला ते दिसेना. गाईडनी झूमवरून सांगितलं, "सर, थोडा विरोध लागेल."

इथं आमच्या साडूंमधला नेता खरा जागा झाला. त्यांनी विभागाला मेल लिहिला. तो मी स्वतः वाचला आहे, कारण विरामचिन्हं तपासायला माझ्याकडंच आला होता. 'संशोधनाच्या दृष्टीनं निखळ, प्रामाणिक मतभेद अत्यावश्यक आहेत. सोबतच्या यादीतील सहकाऱ्यांनी कृपया शुक्रवारपर्यंत असहमत व्हावे.' यादीत प्रत्येकाच्या नावापुढं रकाना होता: किती असहमत, 1 की 2.

यादी कशी केली, हे विचारल्यावर साडूंनी अगदी सहज सांगितलं. दर मार्चमध्ये ते माणसांना रेटिंग देतात, तेव्हा वरून आलेल्या बेल कर्व्हमध्ये ते बसवावं लागतं. कामं सगळ्यांनी चांगली केली तरी काहीजणांना तळाशी ढकलावंच लागतं. "तुझं काम उत्तमच आहे रे, पण कर्व्ह आहे ना," हे वाक्य ते वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत. ज्यांना गेल्या वर्षी तळाशी ढकललं होतं, त्यांचीच नावं विरोधाला घेतली. सराव आहे म्हणे त्यांना.

एक तरुण मुलगा केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "सर, मला 2 द्यायला सांगितलंय. त्याचा माझ्या रेटिंगवर परिणाम नाही ना होणार?" साडू म्हणाले, "अजिबात नाही, मनमोकळं लिही." मुलगा जागेवर गेला, दोन तास विचार केला आणि 2 च्या जागी 4 टाकले. टीम लीड बाईंनी त्यांच्या नावापुढचा 1 कोणाशी तरी बदलून मिळेल का म्हणून ग्रुपवर विचारलं. एचआरला वास लागला. त्यांनी ईमेल पत्त्याचा रकाना काढायला लावला आणि जुने वीसेक फॉर्म बाद केले. ती तूट भरायला साडूंनी लिंक आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. 'पुण्यातील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील व्यावसायिक' या नमुन्यात त्यामुळं साताऱ्याची मावशी आणि मी असे दोघं आलो. मावशीनं सगळीकडं 3 टाकले. "कोणाला दुखवायचं नाही बाई," म्हणाली. तिच्याचमुळं अल्फा सावरला असावा, असा माझा अंदाज आहे.

अल्फा आला, गाईड खूश झाले. फक्त एका फॉर्मनं घोळ घातला. रात्री पावणेबाराला भरलेला, नाव नाही, चाळीसच्या चाळीस उत्तरं 1, आणि शेवटच्या 'इतर सूचना' या चौकोनात मराठीत एक ओळ: 'पाणी स्वतः उठून घेऊन बघा.'

गाईड म्हणाले, आउटलायर आहे, उडवून टाका. पण साडू अस्वस्थ झाले, आणि याबद्दल त्यांना मी मानतो. आठ दिवस ते मजल्यावर हिंडत होते. कोण असेल, पाण्याचं काय दुखणं असेल. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की पँट्रीतला कूलर कोपऱ्यात आहे, लोकांना उठून लांब जावं लागतं. त्यांनी ॲडमिनशी भांडून प्रत्येक ओळीच्या टोकाला एक असे चार नवे कूलर बसवून घेतले. पीएच.डी.त नुसतं ज्ञान असतं, डीबीएत संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम दाखवावा लागतो; तो आता पाचव्या प्रकरणात फोटोसकट आहे, 'निनावी प्रतिसादातून सेवाभावी हस्तक्षेप' या मथळ्याखाली.

परवा रविवारी तेच प्रकरण ऐकायला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. कूलरच्या तिसऱ्या फोटोपाशी त्यांचा घसा पुन्हा कोरडा पडला.

"अगं, पाणी."

ताई उठली. जाता जाता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "माठातलं देऊ, की ऑफिसातून मागवता?"