घोडा मिळतो, चंदी नाही

लाभार्थींची संख्या किती, या एका रकान्यापाशी आमची समिती पावणेदोन तास अडून बसली. मधे दोनदा चहा झाला.

गल्लीच्या तोंडाशी एक दगडी पाणपोई आहे. म्हणजे पाण गेलं, पोई राहिली. नळाच्या जागी भोक, भोकात पानाच्या पिचकाऱ्या, माथ्यावर कबुतरं आणि दोन्ही अंगांना उभ्या स्कूटरी. शहरातली एक नागरी संस्था असल्या किरकोळ वारशाला अनुदान देते, असं खजिनदारकाकांनी कुठंतरी वाचलं आणि अर्ज करायचं ठरलं. अर्ज अठरा पानांचा. पाणपोई सात फुटांची.

‘‘लाभार्थी किती लिहू?’’ सेक्रेटरी.

‘‘गल्लीतून रोज दोन हजार माणूस जातं.’’

‘‘जातं हो, पण पाणी कुठं पितं?’’

‘‘पाणीच नाही तर पिणार काय, कपाळ?’’

‘‘मग शून्य लिहू?’’

‘‘शून्यावर पैसे कोण देतो?’’

शेवटी पाच हजार लिहिलं. कबुतरं धरून.

पुढचा रकाना ‘अपेक्षित सामाजिक परिणाम’, शब्दमर्यादा दोनशे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘लिहा, तहान भागेल.’’ फारच थोडक्यात होतं म्हणून खोडलं. मग धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, बारा-ए, ऐंशी-जी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, तीन ठेकेदारांची कोटेशनं. आम्ही कोजागिरीचं दूध आटवणारं मंडळ. आमचे हिशेब दोनशेपानी वहीत असतात आणि शेवटच्या पानावर दूधवाल्याचा नंबर.

मुंबईत पूर्वी हे काम सोपं होतं. इथं कावसजी जहांगीर नावाचे गृहस्थ होऊन गेले. आडनावच रेडीमनी. त्यांनी शहराला चाळीस पाणपोया दिल्या. सेंट थॉमस कॅथीड्रलच्या आवारातला कारंजाही त्यांच्याच पैशातला, आणि त्याचा आराखडा विलायतेच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. फोर्टातला मुळजी जेठा कारंजा एका कापूस-व्यापारी बापाने पंधरा वर्षांच्या गेलेल्या मुलासाठी बांधला. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या मनोऱ्याला दोन लाख दिले, अट एवढीच की नाव आईचं द्या. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. नावाचा सोस त्या मंडळींनाही होताच, उगाच सोवळं नेसवायला नको. पण नाव आईचं असे, मुलाचं असे. आमच्या चौकात लोकप्रतिनिधींच्या निधीतून आलेलं एक सिमेंटचं बाकडं आहे. त्याच्या पाठीवर दात्याचं नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत कोरलंय की जरा टेकून बसलं तर सदऱ्यावर उमटावं.

आता रेडीमनी कंपन्यांकडे असतो. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावायला सांगितलं, आणि त्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारशाचं रक्षणही बसवलं. झालं, वारशाला बरे दिवस आले. अर्थात वारसा फोटोत येण्याजोगा हवा. राजाबाई टॉवरला दाता मिळतो. आमची पाणपोई फोटोत स्कूटरींच्या मागे जाते.

वारसा-जतनातला माझा सगळ्यात लाडका किस्सा काळा घोड्याचा. 1879 साली तिथं पुतळा बसला. घोड्यावर राजपुत्र, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. पैसा अल्बर्ट ससूनचा. 1965 मध्ये पुतळा उचलून भायखळ्याच्या राणीबागेत नेला. राजा गेला, घोडाही गेला, आणि नाव मात्र तिथंच उभं. बावन्न वर्षं मुंबईकर टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ सांगत होता आणि टॅक्सीवाला त्याला नसलेल्या घोड्यापाशी बरोबर सोडत होता. मग 2017 मध्ये काळा घोडा असोसिएशनने नवा घोडा आणून बसवला. पाठीवर कोणी नाही! स्वार कोण बसवायचा यावर या राज्यात किती समित्या, किती मोर्चे आणि किती स्थगिती-आदेश निघाले असते, विचार करा. ज्याला पाठ मोकळी ठेवायचं सुचलं त्याला माझा नमस्कार.

ही असोसिएशन 1998 ची. पुढच्याच वर्षी त्यांनी महोत्सव सुरू केला, फेब्रुवारीतला, फुकटात बघायचा. गर्दी बघून प्रायोजक येतात, आणि उरलेला पैसा त्याच परिसराच्या दगडांत घालतात. महोत्सवावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. गर्दी फार, सेल्फी फार, कला थोडी. मीही मुरडतो, आणि दरवर्षी जातो. पण त्यातली खरी गंमत हिशेबाची आहे. महोत्सव दरवर्षी येतो म्हणून पैसा दरवर्षी येतो. या घोड्याला चंदी आहे.

बाकी अनुदानांचं काय होतं? घोडा मिळतो, चंदी मिळत नाही.

खरं तर ही अक्कल आपल्याकडे आधीपासून होती. जुन्या सनदा काढून बघा. देवळाला जमीन इनाम दिली तर कशासाठी? दिवाबत्ती, नैवेद्य, झाडलोट. देऊळ बांधणारा बांधून जायचा, पण तेलाची सोय लावून जायचा. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत घाट, विहिरी, देवळं उभी केली ती खासगीतून, सरकारी तिजोरीतून नव्हे. (पुढे त्या इनामी जमिनी कोणी कशा खाल्ल्या ते दिवाणी कोर्टांना विचारा. तो वेगळा लेख आहे, आणि तारीख पुढची पडलेली आहे.)

असो. आमचा अर्ज मंजूर झाला.

पाहणीला संवर्धनवाल्या बाई आल्या. आल्याआल्या त्यांनी कपाळाला हात लावला, कारण मागल्या सुशोभीकरणात कोणीतरी मालाडच्या दगडाला क्रीम कलरचा ऑइलपेंट फासला होता आणि सांध्यांत सिमेंट भरलं होतं. बाई म्हणाल्या, दगडाला श्वास घेता आला पाहिजे. रंग खरवडायचा, सिमेंट काढायचं, सांधे चुन्याने भरायचे. चुना नुसता नाही, मुरवलेला. त्यात गूळ, मेथी, बेलफळाचा गर.

‘‘हे तर बाळंतिणीचे लाडू झाले,’’ खजिनदारकाका म्हणाले.

पण काम देखणं झालं. रंग उतरला तशी कडेची वेलबुट्टी दिसू लागली, आणि रंगाखाली दडलेली चार अक्षरं. ऐंशीच्या घरातल्या एक आजी खुर्ची टाकून रोज बघत बसायच्या. त्यांच्या लहानपणी इथं हौद होता आणि टांग्याचे घोडे पाणी प्यायचे, ही माहिती अठरा पानांत कुठं लिहायची सोयच नव्हती. पाणी आलं त्या दिवशी पहिली ओंजळ त्यांनी घेतली. बरं वाटलं. एवढं निमूट कबूल करतो.

मग मंजुरीपत्र पुन्हा वाचलं. कलम नऊ : सदर रकमेतून देखभाल, पगार वा दैनंदिन खर्च करता येणार नाही. कलम दहा : दात्याच्या नावाची कोनशिला व उद्घाटन समारंभ यांचा खर्च ग्राह्य धरला जाईल.

कोनशिला ग्रॅनाइटची झाली. पडदा, नारळ, शाल, श्रीफळ. नारळ आणि श्रीफळ अशा दोन ओळी हिशेबात वेगवेगळ्या लागल्या आणि दोन्ही पास झाल्या. चार महिन्यांत नळ गळू लागला, खाली शेवाळ धरलं, पिचकाऱ्या परतल्या. कबुतरं गेलीच नव्हती. सफाईला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘महिन्याला पाचशे द्या, रोज खराटा मारते, फडकं मारते.’’ पाचशे रुपयांसाठी संस्थेला पत्र टाकलं. उत्तर आलं, देखभालीची योजना नाही, मात्र पुढील वर्षी नवीन प्रकल्पासाठी अवश्य अर्ज करावा.

तेव्हा अनुदान देणाऱ्या तमाम मंडळींना हात जोडून विनंती : पुढचा नमुना छापाल तेव्हा कोनशिलेच्या रकान्याखाली झाडलोटीचा एक रकाना घाला. मावशींचे पाचशे आम्ही सध्या कोजागिरीच्या वर्गणीतून देतोय, यंदा दूध जरा पातळ होईल. नळाचा वॉशर वीस रुपयांना आणला, त्याची पावती सोबत जोडली आहे.